सपाट चित्रापासून थ्रीडी मॉडेल कसे बनवावे? (वारली चित्राच्या उदाहरणासह)

मोबाईलमधल्या चित्राची किचेन किंवा भिंतीवरची पाटी थ्रीडी प्रिंटरवर छापून हवी असते, पण प्रिंटरवाला विचारतो, "एसटीएल फाईल आहे का?" आणि आपलं काम तिथेच अडतं. ही फाईल घरच्या घरी, फुकट बनवता येते. ती कशी, ते आज पाहू.

आधी हे समजून घ्या

जेपीजी किंवा पीएनजी चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. त्यात "इथे रेषा आहे" अशी नोंद कुठेच नसते. घन वस्तू बनवायला मात्र बंद बाह्यरेषा लागते. लाटलेल्या पोळीवर डब्याचं झाकण दाबून आपण पुऱ्या कापतो ना, अगदी तसंच. झाकणाची कड म्हणजे बाह्यरेषा आणि पोळीची जाडी आपण ठरवायची. कड कुठे तुटलेली असेल तर पुरी नीट सुटत नाही.

म्हणून खरं काम थ्रीडीत नाही, सपाट चित्रातच असतं. मी उदाहरणासाठी वारली आकृती निवडली आहे, कारण तिचे आकार साधे असतात: गोल, त्रिकोण आणि रेषा. आकृती शक्यतो स्वतः काढा. दुसऱ्या कलाकाराचं चित्र त्याला न विचारता छापून विकू नका.

पायरी १: चित्राची बाह्यरेषा काढणे

इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि चित्र आत घ्या. चित्र निवडून 'पाथ' मेनूमधलं 'ट्रेस बिटमॅप' उघडा. 'ब्राइटनेस कटऑफ' ठेवून 'अप्लाय' करा. वारलीत गेरूच्या रंगावर पांढरी आकृती असते, त्यामुळे 'इन्व्हर्ट' वर टिक करा, नाहीतर आकृतीऐवजी पार्श्वभूमीच ट्रेस होईल. नवी आकृती मूळ चित्राच्या वरच बसते. ती बाजूला सरकवा आणि मूळ चित्र डिलीट करा.

पायरी २: कंबर जोडणे (ही चुकवू नका)

वारली माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. कागदावर ते सुंदर दिसतं, पण त्या टोकाला रुंदी शून्य असते. अशा आकाराला जाडी दिली की मॉडेल कंबरेत फक्त एका कडेवर जोडलेलं राहतं. स्लायसर तिथे गोंधळू शकतो, आणि छापलं तरी वस्तू तिथेच मोडते.

उपाय सोपा आहे. कंबरेवर लहानसा चौकोन काढा, दोन्ही आकार निवडा आणि 'पाथ' मेनूमधून 'युनियन' करा. मान, मनगट, हातातली काठी हेही तपासा. बऱ्याच प्रिंटरचं नोझल ०.४ मिमीचं असतं, त्यामुळे कुठलाही भाग १.२ मिमीपेक्षा बारीक ठेवू नये असं मी सांगेन. कंबर तर २ मिमी ठेवाच. हे माप छापायच्या आकारातलं आहे, स्क्रीनवरचं नाही. आता फाईल 'प्लेन एसव्हीजी' म्हणून सेव्ह करा.

पायरी ३: जाडी देणे

ब्राउझरमध्ये टिंकरकॅड उघडा (मोफत खातं लागतं) आणि एसव्हीजी इंपोर्ट करा. आकृतीची उंची ४ मिमी करा. पाटी हवी असेल तर 'बॉक्स' घेऊन २ मिमी जाडीची पाटी बनवा. दोन्ही वस्तू जमिनीलाच टेकलेल्या ठेवा आणि 'ग्रुप' करा. आकृती पाटीवर २ मिमी उठून दिसेल आणि मध्ये फट राहायची भीती नाही. सुटे ठिपके किंवा वेगळी झाडं असतील तर पाटी हवीच, नाहीतर प्रत्येक तुकडा वेगळा छापला जाईल.

पायरी ४: एसटीएल काढणे

'एक्सपोर्ट' मधून एसटीएल निवडा. या फाईलमध्ये मापाचं एकक लिहिलेलं नसतं, स्लायसर सहसा आकडे मिमी समजतो. म्हणून छापण्याआधी लांबी-रुंदी एकदा पाहा, आणि प्रिव्ह्यूमध्ये एकेक थर बघून कंबर सलग आहे का ते तपासा.

यातून काय होणार नाही?

या पद्धतीने सगळीकडे सारखीच जाडी मिळते. चेहऱ्याच्या फोटोतून गोलाई असलेला पुतळा मिळणार नाही, कारण नाक किती पुढे आहे हे सपाट फोटोत नोंदलेलंच नसतं. पण पाटी, किचेन, शिक्का, बिस्किटाचा साचा, दुकानाचा लोगो यांना एवढं पुरेसं आहे. सुरुवात एकाच आकृतीपासून करा. ती कंबरेत न मोडता हातात आली की मग तारपा नाचाचा अख्खा फेर करायला घ्या!