विहिरीवरचा तवंग

मोहोळ परिसरात महामार्गालगतच्या एखाद्या विहिरीत सप्तरंगी तवंग दिसला की बोट लगेच जवळच्या पेट्रोल पंपाकडे जातं. कधी ते बरोबर असतं, कधी नसतं. एक लांब कळक घ्या आणि वरूनच तवंगाला टोचा. पापुद्र्यासारखा तडकून त्याचे तुकडे झाले आणि ते तसेच अलग राहिले, तर तो बहुधा लोहजिवाणूंचा थर असतो. तो नैसर्गिक आहे. कळक काढताच तवंग पुन्हा मिळून आला आणि रंग फिरू लागले, तर तेलाचा संशय धरावा. तेलाचा वास येत असेल तर विहिरीत उतरू नका, काठावर विडी पेटवू नका आणि मोटर सुरू करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती विहिरीच्या खोलात साचून राहते. एका ठिणगीने तिचा भडका उडू शकतो.

“तेल वर तरंगतं, खालचं पाणी चांगलंच असतं”

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज हाच. पेट्रोल वर तरंगतं हे खरं, पण ते एकजिनसी नसतं. त्यातले बेंझिन, टोल्युइन यांसारखे घटक पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर वाहत जातात. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेलं आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं. म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण पावणेनऊ ग्रॅम. त्यातलं बरंचसं उडून जातं, पण सगळं पाण्यात उतरलं असं धरून हिशेब केला तर पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचतं. तीस फूट व्यासाच्या विहिरीत पंधरा फूट पाणी असेल तर ते सुमारे तीन लाख लिटर भरतं. अशा जवळपास तीन विहिरी, एका लिटरमागे.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून तयार होणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. ते स्वतः जमिनीत लवकर कुजतं, पण तेवढ्यात जिवाणू जवळचा प्राणवायू संपवून टाकतात. मग बेंझिन खायला तो उरत नाही आणि बेंझिन आणखी लांब जातं.

“वास नाही, चव नाही, मग काय हरकत?”

बेंझिनची चव जिभेला कळायला ते लिटरमागे किमान अर्धा मिलिग्रॅम असावं लागतं. हे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पन्नास पट आहे. नाकाला कळायला त्याहूनही जास्त लागतं. पाणी उकळलं तर बेंझिन पातेल्यातून उठून स्वयंपाकघरातल्या हवेत येतं आणि चुलीपुढे बसलेली बाई तेच श्वासातून घेते. नेहमीच्या तपासणीत क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू पाहिले जातात. बेंझिन त्यात नसतं, ते वेगळं मागावं लागतं. नमुनाही वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. काचेची छोटी बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा ठेवायचा नाही आणि ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवायची. प्लॅस्टिकच्या अर्धवट भरलेल्या बाटलीतून बेंझिन वाटेतच निसटतं. अहवाल ‘निर्दोष’ येतो आणि तोच कागद पुढे तक्रारदाराच्या अंगावर टाकला जातो.

“पंप तर तिकडे लांब आहे”

आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण व मांजऱ्या खडकाचे थर असतात. पाषाणात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडे सारखं पसरत नाही, ते भेगांनी धावतं. म्हणून पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ राहू शकते आणि भेगेच्या वाटेवरची लांबची विहीर बिघडू शकते. बोअरची गोष्ट त्याहून बिकट. केसिंग बहुधा वरच्या मुरमापुरतीच असते आणि खाली कातळ उघडा राहतो. वरच्या थरातलं दूषित पाणी त्या उघड्या भोकातून खोलवरच्या चांगल्या पाण्यात उतरतं. पंपाशेजारचा बंद पडलेला बोअर तसाच सोडून देणं धोक्याचं आहे.

त्यामुळे चौकशीला एक विहीर पाहून भागत नाही. किमान तीन ठिकाणची पाणीपातळी समुद्रसपाटीच्या हिशेबात मोजली, तरच पाण्याचा उतार कुठे आहे ते कळतं. भेगांची दिशा खडक पाहूनच ठरवावी लागते.

“गळती असती तर पंपवाल्याला कळलीच असती”

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे चार लिटर, वर्षाला दीड हजार. हजारो लिटरच्या टाकीत उष्णतेने तेल फुगतं-आटतं, थोडं उडूनही जातं. रोज डिपची कांडी बुडवून पाहिलं तरी एवढी घट त्यात लपून राहते. अमेरिकेत १९८४ पासून अशा जमिनीखालच्या टाक्यांच्या साडेपाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडे चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये लोकांच्या बोअरमधून तेल आलं तेव्हा जमिनीखालच्या इंधनवाहिनीची गळती उघड झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी वस्ती, शाळा आणि रुग्णालयापासून ५० मीटर अंतर सांगितलं. ते चांगलंच आहे, पण भेगेला मीटर कळत नाहीत.

“चार दिवस उपसा करा, विहीर धुऊन निघेल”

जोराने उपसलं की पाणीपातळी खाली जाते आणि तरंगणारं तेलही तिच्यामागोमाग उतरून खालच्या भेगांना चिकटतं. दूषित पाणी शेजारच्या शेतातून आपल्याकडे ओढलं जातं. उपसलेलं पाणी ओढ्यात सोडलं की तोही बिघडतो.

खरा क्रम असा: आधी गळती थांबवून टाकी रिकामी करायची. मग वरचं तेल हळूहळू काढायचं. त्यानंतर मुरमातली वाफ पंपाने ओढून घ्यायची आणि पाण्यात हवा सोडून जिवाणूंना प्राणवायू द्यायचा. बाहेर काढलेलं पाणी कोळशाच्या गाळणीतून न्यायचं. या कामाला महिने लागतात, कातळात तर कित्येकदा वर्षं. तोवर विहीर बिघडलेल्या घरांना टँकरचं पाणी मिळालं पाहिजे. तहसीलदार, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा या तिघांनाही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

उन्हाळ्यात नमुना स्वच्छ आला म्हणून फाइल बंद होऊ देऊ नका. पाणी खोल गेलेलं असतं आणि तेल वरच्या कोरड्या भेगांत अडकलेलं असतं. पावसाळ्यात पातळी चढली की पाणी त्याच तेलाला जाऊन भिडतं. भाद्रपदात तशीच बाटली पुन्हा भरा.