चार कोरी पाने

आमच्या कन्येच्या उशाशी ‘न्यू मून’ दिसली तेव्हा मी नाक मुरडले. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात रक्तपिपासू पिशाचांची प्रेमकथा! “बाबा, आधी वाचा, मग बोला,” ती म्हणाली. वाचकहो, दोन रात्री जागून मी ती वाचली, हे आधीच कबूल करतो.

स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेच्या ‘ट्वायलाइट’चा (२००५) हा दुसरा भाग २००६ साली निघाला. स्थळ, वॉशिंग्टन राज्यातले फोर्क्स हे पावसाळी गाव. १८व्या वाढदिवशी भेटवस्तूचा कागद सोडताना बेलाचे बोट कापते आणि एडवर्डच्या घरातलाच जास्पर तिच्यावर झेपावतो. तिच्या भल्यासाठी, ‘तू मला नकोस’ असे खोटेच सांगून एडवर्ड निघून जातो.

मग येतात चार पाने. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. प्रत्येकावर महिन्याचे नाव, बाकी पान कोरे. एरवी विशेषणांची लयलूट करणारी ही बाई इथे गप्प बसली आणि तिथेच जिंकली. बेला रात्री झोपेत किंचाळते. तिचे वडील, पोलीसप्रमुख चार्ली, सुरुवातीला धावत येत. पुढे त्यांना सवय होते. या ओळींशी मी बराच वेळ थांबलो. जेकबबरोबर मोटारसायकली दुरुस्त करता करता ती हळूहळू माणसांत येते, तो भागही फार जिव्हाळ्याने उतरला आहे.

उत्तरार्धात मात्र गाडी घसरते. बेलाने कड्यावरून उडी घेतली, म्हणजे ती मेलीच, अशी एडवर्डची समजूत. तिला दुजोरा टेलिफोनवरच्या एका अर्धवट उत्तराचा! लगेच स्वारी इटलीतल्या व्होल्तेर्राला, प्राण द्यायला. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची पेरणी आधी केली आहे खरी, पण शेक्सपिअरच्या नावाने योगायोग पचत नाही. आणि तो परतताच चार महिन्यांचा हिशेब कोणी मागत नाही! जेकब तर ताटातल्या कढीलिंबासारखा बाजूला. मुलीचे जगणे एका मुलाच्या येण्या-जाण्यावर टांगावे, हे मला बाप म्हणूनही रुचले नाही.

हे सारे मी कन्येला ऐकवले. बारावीनंतर ती तीन महिने घरात कोणाशी धड बोलली नव्हती. कारण आम्हांला आजही ठाऊक नाही. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“शेवट मलाही नाही आवडला,” ती म्हणाली. मग पुस्तक उघडून तिने ती चार पाने माझ्यापुढे धरली, आणि मी चष्मा पुसू लागलो.