घायपाताच्या देशात एक दिवस

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या गावच्या ओढ्याकाठी घायपाताची रांग आहे. तलवारीसारखी लांब पाने आणि प्रत्येक पानाच्या टोकाला काटा. माझा आजा ती पाने कापून आणी, ओढ्याच्या डबक्यात कुजत घाली, मग दगडावर बडवून आणि धुऊन त्यांतून पांढरा वाख काढी. त्या वाखाची दावी, कासरे, चऱ्हाटे वळून आमचे घर चालले. कुजलेल्या पानांचा वास आणि रसाने हातांना सुटणारी खाज, हेच आमचे वडिलोपार्जित वैभव! त्यामुळे घायपाताइतकी गावठी वनस्पती जगात दुसरी नसेल, असे मला परवापरवापर्यंत वाटत होते.

यंदा इतिहासाच्या सरांनी वसाहतवादावर टिपण वाचायला सांगितले. मी मेक्सिको देश निवडला. ग्रंथालयात बसून वाचू लागले तेव्हा कळले की, घायपात मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिको हे तर त्याच्या कुळाचे माहेरच. तिथे या कुळातील झाडांपासून वाख निघतोच, शिवाय ‘मेस्काल’ नावाची दारूही गाळतात. ती चाखायला देशोदेशींचे प्रवासी येतात. सकाळी निघायचे, स्पॅनिश अमदानीतील जुनी गावे पाहायची आणि शेवटी भट्टीवर जाऊन मेस्कालची चव घ्यायची, असा एका दिवसाच्या खासगी सहलीचा बेत तिथे ठरूनच गेला आहे.

हे मी घरी सांगितले तेव्हा आई चुलीपुढून म्हणाली, “दारूचं कवतिक लिवाय कालेजात घातलं व्हय गं तुला?” प्रश्न रास्त होता. दारूने माझ्या धाकट्या चुलत्याचे काय केले, हे आमच्या घराला ठाऊक आहे. म्हणून आरंभीच सांगते की, हा लेख दारूच्या कौतुकाचा नाही. मी मेक्सिकोला गेलेली नाही. खरे सांगायचे तर जिल्ह्याबाहेरही दोनदाच गेले आहे. पुस्तके, नकाशे आणि छायाचित्रे यांच्या आधाराने केलेली ही कागदावरची सहल आहे. वाचकहो, आपणही सोबत चला.

हिरव्या दगडाचे शहर

आपली सहल दक्षिण मेक्सिकोतील ओआहाका या शहरातून निघते. खासगी सहल म्हणजे मोटार आपल्यापुरती, आणि चालक बहुधा तोच वाटाड्या. पूर्वेला मित्ला गावापर्यंतचे अंतर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. बहुतेक सारी ठिकाणे त्या एका रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास आहेत. म्हणूनच एका दिवसात इतके पाहून होते.

स्पॅनिश लोकांनी १५२९ मध्ये हे शहर वसवले आणि त्याला अंतेकेरा असे नाव दिले. मधोमध चौक, चौकाच्या कडेला मोठे चर्च आणि भोवती काटकोनात आखलेले रस्ते, ही त्यांच्या नगररचनेची खूण. इथल्या जुन्या इमारतींचा दगड हिरवट छटेचा आहे. सांतो दोमिंगो या चर्चचा अंतर्भाग सोन्याच्या वर्खाने मढवलेला आहे. शेजारच्या मठात आता वस्तुसंग्रहालय आहे. जवळच्या मोंते आल्बान टेकडीवरील प्राचीन थडग्यात आल्फोन्सो कासो या संशोधकांना १९३२ मध्ये सापडलेले दागिने तिथे ठेवले आहेत. शहराचा जुना भाग आणि मोंते आल्बान यांना १९८७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

प्रवासी इथे छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. माझ्या मनात मात्र एक साधा प्रश्न आला. हे सोने आले कुठून? पुस्तकात त्याचे उत्तर शोधताना मला सोन्यापेक्षा एक किडाच जास्त भेटला.

तांबडा रंग आणि उचल

आपल्याकडे ज्याला फड्या निवडुंग म्हणतात, त्याच्या एका भाईबंदावर कोचिनील नावाचा बारीक किडा वाढतो. तो वाळवून कुटला की गडद तांबडा रंग मिळतो. एक पौंड रंगासाठी सुमारे सत्तर हजार किडे लागतात, आणि ते पानांवरून हाताने वेचावे लागतात. युरोपात या रंगाला इतकी मागणी होती की, मेक्सिकोतून स्पेनला जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल त्याचे मोल होते. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचे तांबडे कोटही त्यात रंगत. या रंगाचे मोठे केंद्र म्हणजे ओआहाकाचा परिसर. शहराची श्रीमंती मुख्यतः या व्यापारातून आली.

किडे वेचणारे होते झापोटेक, मिश्तेक आदी मूळ रहिवासी. स्पॅनिश अंमलदार त्यांना आगाऊ रक्कम देत आणि त्या बदल्यात आधीच ठरवलेल्या दराने रंग घेत. हा दर बाजारभावापेक्षा कमी असे. अंमलदाराच्या पाठीशी शहरातले व्यापारी असत. १७८६ मध्ये स्पेनच्या राजाने या पद्धतीला कायद्याने मनाई केली, तरी ती लगेच थांबली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि कोचिनीलचा व्यापारच बसला.

ही पद्धत वाचताना मी पुस्तक मिटले. कारण आमच्या घरी तिला ‘उचल’ म्हणतात. आजा पावसाळ्यात बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याकडून उचल घेई आणि बेंदराच्या आधी ठरल्या भावाने दोर नेऊन टाकी. बाजारात तोच दोर दुप्पट दराने विकला जाई. आजाला ते दिसे, पण उचल फिटलेली नसे. समुद्रापलीकडच्या, तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला माझ्या आजाचे दुखणे होते, हे मला कोणत्याही क्रमिक पुस्तकाने यापूर्वी सांगितले नव्हते.

वाटेवरची गावे

शहर सोडल्यावर पहिला थांबा सांता मारिया देल तूले. इथल्या चर्चच्या अंगणात एक प्रचंड सायप्रस वृक्ष आहे. त्याच्या खोडाचा घेर पस्तीस मीटरांहून अधिक आहे. स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून तो उभा आहे. चर्च त्याच्यापुढे खेळण्यासारखे दिसते.

पुढे डावीकडे वळले की तेओतित्लान देल वाये हे विणकरांचे गाव लागते. स्पॅनिश लोकांनी मेंढ्या आणि पायाने चालवायचे माग आणले. त्याआधी इथले लोक कमरेला बांधलेल्या मागावर कापूस विणत. आज त्यांच्या लोकरी सतरंज्या प्रसिद्ध आहेत आणि काही घरांत अजूनही कोचिनील, नीळ यांचे रंग वापरतात. गावच्या चर्चच्या भिंतीत नक्षीचे जुने झापोटेक दगड बसवलेले दिसतात. देऊळ पाडून त्याच दगडांनी चर्च बांधले, याची ही साक्ष.

त्लाकोलुलाचा रविवारचा बाजार फार जुना. मक्याच्या भाकऱ्या, वाळल्या मिरच्या, टोमॅटो, पेरू, सीताफळे आणि झेंडूची फुले. यादी वाचताना वाटले की आपल्याच तालुक्याचा आठवडा बाजार! आणि हे सारे पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांतून अमेरिकेहून आपल्याकडे आलेले. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडूही तिकडचाच.

शेवटचे गाव मित्ला. इथल्या झापोटेक वाड्यांच्या भिंतींवर दगडाचे लहान लहान तुकडे चुन्याशिवाय एकमेकांत बसवून भौमितिक नक्षी केली आहे. तिथेही जुन्या वास्तूच्या चौथऱ्यावर चर्च उभे आहे. जेत्याने जिंकलेल्याच्या खांद्यावर घर बांधावे, तसे.

मेस्काल कशी होते

मित्लाच्या अलीकडे मातात्लान गावाला फाटा फुटतो. हे गाव स्वतःला मेस्कालची जागतिक राजधानी म्हणवते. इथल्या भट्टीला ‘पालेंके’ म्हणतात. मेस्काल हा शब्द नाहुआत्ल भाषेतला असून त्याचा अर्थ ‘भाजलेले घायपात’. नावातच सारी कृती आली.

एस्पादिन जातीचे झाड तयार व्हायला साधारण सात-आठ वर्षे लागतात. डोंगरात रानोमाळ उगवणाऱ्या तोबाला जातीला याहून अधिक. फुलाचा दांडा वर येण्याच्या सुमारास झाड तोडतात, कारण दांडा वाढला की आतली साखर त्यातच खर्ची पडते. पाने तासून उरलेला गड्डा अननसासारखा दिसतो. त्याचे वजन कित्येकदा पन्नास किलोच्या घरात असते. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात लाकडे पेटवून दगड तापवतात, वर गड्डे रचतात, आणि माती लोटून तीन ते पाच दिवस भाजत ठेवतात. मेस्कालला धुराचा वास येतो तो इथला.

भाजलेले गड्डे दगडी चाकाखाली चिरडतात. चाक घोडा ओढतो, आपल्याकडे चुन्याच्या घाणीला बैल जुंपत तसा. मग लाकडी पिंपात पाणी घालून ते आंबवतात. बाहेरचे खमीर घालत नाहीत. हवेतल्या सूक्ष्मजीवांवर काम होते. नंतर तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यातून दोनदा गाळतात. जाणता माणूस बोरूच्या नळीने थोडी दारू ओढून वाटीत सोडतो आणि फेसाचे मणी किती वेळ टिकतात त्यावरून तिचा जोर सांगतो. कायद्याने हा जोर शेकडा पस्तीस ते पंचावन्न असावा लागतो.

पाहुण्यांना ती भोपळ्याच्या वाटीत थेंबथेंब देतात, घोटाघोटाने नव्हे. सोबत संत्र्याची फोड, आणि घायपातातील अळ्या वाळवून मिरचीबरोबर कुटलेले मीठ. वाटाड्या सांगतो, ही अमुक झाडाची, ही तमुक डोंगरातली.

नावाची किंमत

एके काळी याच दारूवर स्पॅनिश सत्तेने वेळोवेळी बंदी घातली होती. कारण नीतीचे नव्हते. स्पेनहून येणाऱ्या दारूचा खप कमी होऊ नये एवढेच. लोक दऱ्याखोऱ्यांत चोरून गाळत राहिले. पुढेही बराच काळ ती गरिबांची, गावंढळांची दारू मानली गेली. १९९४ मध्ये सरकारने मेस्काल या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. ठरावीक प्रदेशात, ठरावीक रीतीने केलेली दारूच ते नाव लावू शकते. आपल्याकडे गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये असेच भौगोलिक मानांकन मिळाले.

हे चांगलेच झाले. पण नाव लावायचे तर तपासणी, नोंदणी, प्रमाणपत्र हे सारे आले आणि त्याला पैसा लागतो. ज्याच्या पणज्यापासून भट्टी चालत आली, अशा लहान कारागिराला तो खर्च झेपला नाही, तर आपल्या मालाला मेस्काल म्हणण्याचा हक्क त्याला नाही! ‘घायपाताचा अर्क’ अशा नावाने त्याला विकावे लागते. मोठ्या शहरांत बाटलीला जी किंमत येते आणि झाड तोडणाऱ्याच्या हाती जे पडते, त्यांत मोठे अंतर आहे. शिवाय मागणी वाढली तशी रानातली झाडे कोवळी असतानाच तुटू लागली. फुलण्याआधीच झाड तुटते, त्यामुळे बी धरत नाही आणि फुलांतल्या मधावर जगणारी वटवाघळे उपाशी राहतात. काही गावांनी आता काही झाडे मुद्दाम फुलायला सोडण्याची रीत सुरू केली आहे.

म्हणजे रंग गेला, दारू आली. पण घाम एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हा हिशेब पुरता बदललेला नाही. या सहलीतून मला समजलेली गोष्ट ती हीच.

एक मुलगा

ओआहाकाच्या उत्तरेच्या डोंगरात ग्वेलाताओ नावाचे खेडे आहे. तिथे १८०६ मध्ये एका झापोटेक घरात बेनितो ह्वारेस जन्मला. तीन वर्षांचा असताना आईबाप वारले. तो मेंढ्या राखी. १८१८ मध्ये, बारा वर्षांचा असताना, तो पायी ओआहाकाला आला. त्याची बहीण तिथे एका घरी स्वयंपाकीण होती. त्याला स्पॅनिश धड येत नव्हते. एका पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थाने त्याला आसरा देऊन शाळेत घातले. तो वकील झाला, प्रांताचा गव्हर्नर झाला आणि १८५८ मध्ये मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झाला.

पहिल्या वर्षी वर्गात प्राध्यापकांनी प्रश्न विचारला की माझ्या तोंडून गावाकडचा शब्द निघे आणि मागचे बाक हसत. मी बोलायचेच सोडले होते. ह्वारेसविषयी वाचल्यावर मात्र टिपण मी स्वतः उभी राहून वाचले, आणि ‘उचल’, ‘वाख’ हे शब्द मुद्दाम तसेच ठेवले. कोणी हसले नाही.

टिपण संपल्यावर त्या रात्री आईला सारे वाचून दाखवले. दारूच्या भागापाशी तिने तोंड वाकडे केले ते केलेच. पण रंगाचा भाग ऐकून तिचा हात थांबला. “त्यास्नीबी उचलच द्यायचे व्हय?” ती म्हणाली, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मित्रमैत्रिणींनो, पुढच्या सहलीत आपण लेणी पाहू, किल्ले पाहू, बाजारात एखादी सुबक वस्तूही घेऊ. घेताना ती कोणी केली आणि त्याला काय मिळाले, एवढे विचारू या. कोणी सांगेल, कोणी सांगणार नाही. पण विचारलेले त्याच्या कानावर पडेल.