आठवडे बारा, तास किती?

घरबसल्या शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती वाचताना एक विसंगती सहज ध्यानात येते. अध्यापकाचा लौकिक, शुल्क, प्रमाणपत्राचा नमुना आणि ते हाती पडल्यावर उघडणारी नोकरीची दारे यांचे वर्णन जेथे सविस्तर केलेले असते, तेथे मुदतीचा प्रश्न मात्र ‘चार आठवडे’ किंवा ‘बारा आठवडे’ एवढ्यावर उरकलेला असतो. आता आठवडा हे पंचांगाचे माप आहे, परिश्रमाचे नव्हे. दोन तास मागणारा आठवडा आणि दहा तास मागणारा आठवडा भिंतीवरच्या कॅलेंडरात सारखेच दिसतात. परंतु पहिला संसारात खपून जातो, आणि दुसरा कोणाच्या तरी झोपेतून नाहीतर रविवारातून वसूल करावा लागतो. ऑनलाइन अभ्यासक्रम किती मुदतीचा असावा, या प्रश्नाचा विचार करू लागलो की पहिली अडचण उपस्थित होते ती ही.

आपल्या देशात या विचारासाठी सर्वांत सोयीचे उदाहरण एनपीटीईएलचे आहे. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 2003 साली सुरू केलेला, आणि 2017 पासून केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावरही उपलब्ध झालेला हा उपक्रम मुंबई-पुण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचा आहे. त्याचे कोष्टक साधे आहे: चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सुमारे 10 तासांची व्याख्याने, आठ आठवड्यांत 20, बारा आठवड्यांत 30, आणि त्याच प्रमाणात एक, दोन व तीन श्रेयांक. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 साली अशा अभ्यासक्रमांतून 20 टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा विद्यार्थ्यांना दिली आणि 2021 साली ती मर्यादा 40 टक्क्यांवर नेली, तेव्हापासून मुदतीच्या प्रश्नाला केवळ सोयीचे नव्हे, तर दप्तरी महत्त्वही प्राप्त झाले. याचा एक परिणाम मला फारसा हितावह वाटत नाही. विषयाला किती अवकाश लागतो हे विषयाने ठरवावे, ही अध्यापनाची जुनी रीत. परंतु महाविद्यालयाला तीन श्रेयांक हवे असले की विषय निमूटपणे बारा आठवड्यांचा होतो, मग त्यात मजकूर नऊ आठवड्यांचा असो की पंधरांचा.

या बारा आठवड्यांतला एक आठवडा जवळून पाहावा. व्याख्यानांच्या चित्रफिती खुल्या होतात. त्या ओळीने लावल्या तर अडीच तासांत संपतात. त्याखाली स्वाध्याय असतो, बहुधा पर्यायी उत्तरांचे दहा-पंधरा प्रश्न, आणि तो सादर करण्याची मुदत असते बुधवारी रात्री 11 वाजून 59 मिनिटांपर्यंत. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ही बुधवारची रात्र माहीत असेल: चित्रफीत दुप्पट वेगाने पळते आहे, मित्राच्या फोनवर उत्तरे येत आहेत, आणि मुदत टळेपर्यंत उत्तर बदलून पुन्हा सादर करण्याची परवानगी असल्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांतही कोणी तरी ‘ब’चे ‘ड’ करीत आहे. अभ्यासक्रमाने मागितलेले अडीच तास आणि प्रत्यक्ष दिलेली चाळीस मिनिटे यांतला हा फरक कोणत्याही प्रमाणपत्रावर छापला जात नाही.

आणि तरीही या रचनेत एक शहाणपण आहे, ज्याचे कौतुक कोणी करीत नाही. अंतिम गुणांत 75 गुण प्रत्यक्ष केंद्रावर होणाऱ्या परीक्षेचे आणि 25 स्वाध्यायांचे. परंतु ते 25 मोजताना चारांतले उत्तम तीन, आठांतले उत्तम सहा आणि बारांतले उत्तम आठच स्वाध्याय धरले जातात. म्हणजे छोट्या अभ्यासक्रमात चतुर्थांश चुकारपणा माफ, आणि मोठ्यात तृतीयांश! मुदत जितकी लांब, तितकी आजारपणाची, लग्नकार्याची, गावी जावे लागण्याची आणि निव्वळ कंटाळ्याची शक्यता अधिक, हे ज्याने हा नियम केला त्याने मनोमन कबूल केलेले दिसते. जुलै ते ऑक्टोबर या सत्रात गणपती आणि नवरात्र दोन्ही पदरात पडणाऱ्या आपल्या प्रांतात तर ही सवलत ईश्वरी कृपाच म्हणावी लागेल.

मुदत लांबली की गळती वाढते, याला आकड्यांचाही आधार आहे. केटी जॉर्डन या संशोधिकेने अशा अनेक खुल्या अभ्यासक्रमांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा लांब अभ्यासक्रम शेवटास नेणाऱ्यांचे प्रमाण कमी असल्याचे तिला आढळले. तिच्या 2015 सालच्या निबंधात हे प्रमाण 0.7 टक्क्यापासून 52.1 टक्क्यांपर्यंत पसरलेले असून मध्यक 12.6 टक्के आहे. एवढ्यावरून ‘मुदत कापा, यश वाढेल’ असा निष्कर्ष काढण्याची घाई पुष्कळांना होते. तो मला अर्धवट वाटतो, आणि त्याचे कारण अमेरिकेतल्या एमआयटीच्या पहिल्याच प्रयोगात सापडते.

2012 साली त्या संस्थेने विद्युत्-मंडलांचा चौदा आठवड्यांचा अभ्यासक्रम जगाला विनामूल्य खुला केला. नोंदणी झाली 1,54,763 जणांची आणि प्रमाणपत्र मिळाले 7,157 जणांना. या दोन आकड्यांवर त्या काळी भरपूर लिहिले गेले. परंतु खरी गोष्ट मधल्या आकड्यांत आहे. पहिल्या स्वाध्यायात निदान एक गुण मिळवणारे होते 26,349, आणि मध्यावधी परीक्षेत निदान एक गुण मिळवणारे 10,547. म्हणजे सव्वा लाखाहून अधिक लोक पहिल्या स्वाध्यायात एकही गुण न मिळवता गळाले, आणि त्यांना चौदा आठवड्यांऐवजी चार सांगितले असते तरी त्यांतले बहुतेक तसेच गळाले असते. कारण आरंभशूराला मुदतीशी कर्तव्य नसते, त्याचे समाधान नाव नोंदवण्यातच पुरे होते. ज्यांनी खरोखर आरंभ केला त्यांच्यापैकी सुमारे 16,000 मध्यावधीपर्यंत नाहीसे झाले. उलट मध्यावधीनंतर प्रमाणपत्रापर्यंतची तूट साडेतीन हजारांहून कमी. गाडी एकदा घाट चढली की पुढचा पल्ला जड जात नाही, तसा हा प्रकार आहे. तेव्हा कापायचेच असेल तर शेवटचे आठवडे कापून उपयोग थोडा. पहिले तीन-चार आठवडे हलके करणे आणि त्यांच्या अखेरीस हाती काही तरी पडू देणे, हा उपाय अधिक गुणकारी.

मुदतच नको, ज्याने त्याने सवडीने शिकावे, असाही एक पक्ष आहे. त्याचा उदारपणा मान्य करूनही सांगावेसे वाटते की, सवडीचा अभ्यासक्रम म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत भिजत घोंगडे. डोंबिवलीहून रोज फोर्टात नोकरीला जाणाऱ्या माणसाची सवड ही त्याच्या मालकीची वस्तू नसते. कचेरी, लोकल आणि घर यांनी आपापले येणे वसूल केल्यावर जे उरेल ते त्याचे. अशा माणसाला ठरलेल्या तारखेचा तगादाच तारतो.

दुसऱ्या टोकाला चार दिवसांत सर्व काही शिकवण्याची प्रतिज्ञा करणारे आहेत. त्यांच्या आड येते ती स्मरणशक्तीची घडण. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच्या प्रयोगांची हकिगत प्रसिद्ध केली. निरर्थक अक्षरगट पाठ करताना त्याला असे आढळले की, एकाच दिवशी केलेल्या 68 आवृत्त्यांनी जे साधते, ते तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवृत्त्यांनी साधते. मधल्या काळात थोडे विसरणे आणि पुन्हा आठवणे, हाच शिकण्याचा मुख्य व्यापार असल्यामुळे, वीस तासांचा अभ्यास एका शनिवार-रविवारात कोंबणाऱ्याच्या पदरी परीक्षा पडेल, विद्या पडेलच असे नाही.

माझे मत विचाराल तर, नोकरी किंवा महाविद्यालय सांभाळून शिकणाऱ्यासाठी सहा ते आठ आठवडे ही मुदत योग्य. आठवड्याला व्याख्यानांचे दोन आणि सरावाचे दोन, असे चार तास. आणि मध्यावर एक आठवडा कोरा, मागे पडलेल्यांना इतरांना गाठता यावे म्हणून. यात न मावणारे विषय आहेतच. गणित, यंत्रशास्त्र किंवा एखादी नवी भाषा यांना वर्षही अपुरे पडते. तेथे मुदत ताणण्यापेक्षा विषयाचे चार-सहा आठवड्यांचे खंड पाडावेत, प्रत्येक खंडाचे स्वतंत्र प्रमाणपत्र द्यावे, आणि एका सत्रात चुकलेला खंड पुढच्या सत्रात घेण्याची मोकळीक ठेवावी.

राहिली संस्थांना एक विनंती. जाहिरातीत आठवड्यांच्या शेजारी तासांचाही आकडा छापावा, आणि तो चित्रफितींच्या लांबीची बेरीज नसावा; मागच्या सत्रात उत्तीर्ण झालेल्यांनी सरावासकट प्रत्यक्ष किती तास घालवले, ते त्यांनाच विचारून छापावा. तोपर्यंत वाचकांनी नाव नोंदवण्यापूर्वी पहिल्या आठवड्याच्या चित्रफिती पाहून, स्वाध्याय सोडवून, लागलेला वेळ घड्याळ लावून मोजावा, आणि त्याला आठवड्यांच्या संख्येने गुणावे.