संगणक वापरताना (लेखांक ७) : पासवर्ड विसरलात? आधी डिस्क तपासा

पासवर्ड कसा असावा, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आता तोच विसरला तर काय करायचं ते पाहू. विंडोजच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड आठवेनासा झाला की लोक संगणक उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेतात आणि 'फॉरमॅट मारावा लागेल' हे ऐकून घाबरतात. एवढ्या टोकाला जायची वेळ फार क्वचित येते.

विंडोज आपला पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून तयार झालेला हॅश तेवढा 'सॅम' नावाच्या फाइलमध्ये ठेवते. हॅशपासून उलट मूळ पासवर्डाकडे जाता येत नाही. त्यामुळे जुना पासवर्ड शोधत बसण्यापेक्षा नवा बसवणं सोपं.

लॉगिनच्या वेळी ईमेल पत्ता चालत असेल, तर खातं मायक्रोसॉफ्टचं आहे. मोबाइलवरून पासवर्ड बदलायचा आणि संगणक इंटरनेटला जोडून नव्या पासवर्डाने आत शिरायचं. खातं फक्त त्या संगणकापुरतं असेल आणि विंडोज २०१८ नंतरचं असेल, तर खातं उघडताना दिलेली सुरक्षा प्रश्नांची उत्तरं कामी येतात. चुकीचा पासवर्ड टाकला की खाली 'रीसेट पासवर्ड' दिसतं. आधी पेन ड्राइव्हवर रीसेट डिस्क करून ठेवली असेल, तर तीही चालते. मधल्या काळात पासवर्ड बदलला असला तरी. त्याच संगणकावर दुसऱ्या कुणाचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं असेल, तर त्यातूनही नवा पासवर्ड देता येतो. मात्र या शेवटच्या मार्गाने विंडोजच्या ईएफएस सोयीने कूटबद्ध केलेल्या फाइली हातच्या जाऊ शकतात.

यातलं काहीच नसेल, तर जाणकार माणूस पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू करून सगळ्या फाइली उतरवून घेतो. इथे पासवर्ड आडवा येत नाही, कारण तो खात्याची दारं राखतो, डिस्कची नाही. म्हणजे लॅपटॉप चोरणाऱ्यालाही हा रस्ता मोकळाच.

तो बंद करण्यासाठी बिटलॉकर असतं. ते अख्खी डिस्क कूटबद्ध करतं. मग बाहेरून डिस्क वाचायची तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की हे कुलूप अनेकदा आपोआप लागतं आणि की त्या खात्यात जमा होते. मालकाला पत्ताही नसतो. कार्यालयाचा संगणक असेल, तर ती आयटी विभागाकडे मागावी. पासवर्ड, खातं आणि की, तिन्ही गेले तर विंडोज नव्याने टाकता येईल, पण फाइली मायक्रोसॉफ्टलाही परत देता येणार नाहीत.

तेव्हा आजच सेटिंग्जमध्ये जाऊन डिस्क कूटबद्ध आहे का ते बघा. असेल तर ते ४८ आकडे कागदावर उतरवा आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

पुढील आठवड्यात : बॅकअप कुठे आणि किती ठेवावेत?