वास्तव व्यक्ती आणि कल्पित पात्र : 'बार्बरा' या फेरो कादंबरीच्या अनुषंगाने

उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो या अठरा बेटांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर असून तेथील लोकसंख्या आजही ५५ हजारांच्या आसपासच आहे. एवढ्या लहान समाजात 'पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत' असे पुस्तकाच्या प्रारंभी छापण्याला फारसा अर्थ उरत नाही. वाचक पात्राला त्याच्या गावासह आणि घराण्यासह ओळखतो. त्यामुळे खऱ्या व्यक्तीचे जीवन कथेत आणण्याचा अधिकार लेखकास कितपत आहे, हा प्रश्न तेथे विशेष तीव्रतेने उभा राहतो. प्रस्तुत लेखात योर्गेन-फ्रांट्स याकोबसेन (१९००-१९३८) यांच्या 'बार्बरा' (१९३९) या एकमेव कादंबरीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

कादंबरीच्या मुळाशी बेइंता ब्रोबर्ग ही ऐतिहासिक स्त्री आहे. सतराव्या-अठराव्या शतकात होऊन गेलेल्या या स्त्रीने एकामागून एक तीन धर्मोपदेशकांशी विवाह केला. पहिल्या दोघांचा मृत्यू आणि तिसऱ्याची, म्हणजे पेडर आर्हेबो यांची, दुर्दशा यांचे खापर लोककथेने तिच्याच माथी फोडले. येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. बेइंताचे 'कल्पितीकरण' याकोबसेन यांच्यापासून सुरू झालेले नाही. ते त्यापूर्वीच लोकांनी केले होते, आणि लोककथेचा कर्ता अनामिक असल्यामुळे त्याला जाब विचारण्याची सोयही नव्हती.

इतिहासाचे अभ्यासक असलेल्या याकोबसेन यांनी नायिकेचे नाव बदलले, कथानक अठराव्या शतकाच्या मध्यावर आणले आणि तिच्यावरील आरोपाचे स्वरूपही पालटले. पूर्वीच्या पतींच्या मृत्यूचे किटाळ कादंबरीत आहे. पण ते लोकापवादाच्या रूपाने येते. तोर्शहाव्नमध्ये नुकताच उतरलेला धर्मोपदेशक पाऊल हा या विधवेविषयी सर्व सावधगिरीच्या सूचना ऐकूनही तिच्या प्रेमात पडतो. पुढे कर्तव्य म्हणून तो दूरच्या मिचिनेस बेटावर जातो, खवळलेल्या समुद्रामुळे तेथेच अडकतो आणि तेवढ्या अवधीत बार्बरा दुसऱ्याची होते. ती कपटी नाही, आणि एकनिष्ठही नाही. लोककथेतील दुष्ट स्त्रीपेक्षा हे चित्र निश्चितच अधिक न्याय्य आहे. तथापि मृत स्त्रीवरील एक कलंक पुसताना लेखकाने तिला दुसऱ्याच एका स्त्रीचा स्वभाव बहाल केला, हेही नाकारता येत नाही.

ही दुसरी स्त्री लेखकाच्या समकालीन होती. याकोबसेन यांचे जिच्यावर प्रेम होते, ती एस्ट्रिड बॅनिस्टर ही बार्बराच्या व्यक्तिरेखेमागील जिवंत प्रेरणा मानली जाते. दीर्घकाळ क्षयाने ग्रासलेल्या लेखकाने त्यागलेल्या प्रियकराच्या दुःखाला शब्द दिले, पण सूड मात्र उगवला नाही. विशेष म्हणजे १९४८ मध्ये या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद स्वतः बॅनिस्टर यांनीच केला. यास संमती म्हणावे काय? मूळ लेखन झाले, तेव्हाची संमती ती नव्हे. परंतु आपल्यावरून रेखाटलेल्या पात्राला दुसऱ्या भाषेत स्वतःच्या हाताने उभे करणे, यास निव्वळ मूक स्वीकार म्हणून बाजूला सारणेही योग्य ठरणार नाही.

लेखकाच्या निधनानंतर कादंबरी प्रकाशात आणण्यात त्यांचे बालमित्र व नातलग विल्यम हाइनेसेन (१९००-१९९१) यांचा मोठा वाटा होता. पुढे १९५८ मध्ये त्यांनी याकोबसेन यांची निवडक पत्रेही संपादित करून प्रसिद्ध केली. म्हणजे इतरांचे जीवन कथेत घेणाऱ्या लेखकाचे खासगी जीवनही अखेर वाचकांपुढे आलेच. हाइनेसेन यांनी स्वतः 'देत गोदे होब' (१९६४) या कादंबरीत सतराव्या शतकातील धर्मोपदेशक लुकास देबेस यांच्या जीवनाचा आधार घेतला. नायकाचे नाव त्यांनीही बदलले. या कादंबरीस १९६५ मध्ये नॉर्डिक परिषदेचा साहित्य पुरस्कार मिळाला.

वरवर पाहता दोन्ही लेखकांची पद्धत एकच दिसते. मात्र देबेस यांनी १६७३ मध्ये फेरो बेटांवर स्वतः ग्रंथ लिहिला होता. कादंबरीतील नायक कोणाला अन्यायकारक वाटला, तर तो ग्रंथ उघडून मूळ माणसाचा आवाज ऐकता येतो. बेइंताच्या बाजूने असे पुस्तक नाही. तिच्याविषयी वाचकापुढे एकीकडे लोककथा आहे, दुसरीकडे कादंबरी आहे, आणि १९९७ पासून निल्स माल्मरोस यांचा चित्रपटही आहे.