दुभंगलेला ओठ, ग्रहणाचा ठपका आणि जनुकांवरील कारभारी प्रथिने

दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन बालक जन्मास आले की आपल्या मराठवाड्यात पहिला प्रश्न बालकाविषयी विचारला जात नाही, तो त्याच्या आईविषयी विचारला जातो. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, विळीवर भाजी चिरली, सुई-दोरा हाती घेतला, असा ठपका तिच्यावर ठेवला जातो. क्वचित प्रसंगी बाळंतपणानंतर तिला माहेराहून परत नेण्यास कोणी फिरकतही नाही. शस्त्रक्रियेने ओठ सांधता येतो, ठपका मात्र तसाच राहतो. म्हणून या व्यंगाच्या अनेक कारणांपैकी ज्याचा उलगडा सर्वांत स्पष्टपणे झाला आहे, त्या एका कारणाविषयी आम्ही येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

जगभरात साधारणपणे दर सातशे जन्मांमागे एका बालकात हे व्यंग आढळते. ग्रहणाची समजूतही केवळ आपलीच नव्हे. मेक्सिकोतील प्राचीन ॲझटेक लोक ग्रहण म्हणजे चंद्राचा तोडलेला लचका मानीत आणि तसाच लचका गर्भाच्या ओठाचा तुटेल या भीतीने गर्भवती स्त्रिया पोटाशी दगडी पाते बाळगीत. दोन भूखंडांवरील माणसांना एकच कल्पना सुचावी याचे नवल वाटते. पण त्यामुळे ती खरी ठरत नाही.

मुळात गर्भाचा चेहरा एकसंध घडत नाही. चौथ्या आठवड्यापासून मांसल उंचवटे दोन्ही बाजूंनी आणि वरून वाढत येतात व परस्परांना भिडून सांधले जातात. सहाव्या-सातव्या आठवड्यात वरचा ओठ पूर्ण होतो आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास टाळू. दिवस राहिल्याची खात्री होते न होते तोच ओठाचे काम संपलेले असते. पाचव्या किंवा सातव्या महिन्यात लागलेल्या ग्रहणाला तेथे करण्यासारखे काही उरतच नाही.

हे सांधकाम वेळेवर कोण करवून घेते? शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे वीस हजार जनुके असतात. डोळ्याच्या पेशीत कोणती वाचली जावीत, ओठाच्या पेशीत कोणती, आणि कोणत्या दिवशी, हे ठरविण्याचे काम सुमारे सोळाशे विशिष्ट प्रथिने करतात. त्यांना नियामक प्रथिने म्हणतात. मांजरा किंवा विष्णुपुरीच्या कालव्यावरील पाटकऱ्याची येथे आठवण व्हावी. पाणी सर्वांसाठी एकच असते; कोणत्या शेताची चारी कोणत्या पाळीला उघडायची हे पाटकरी ठरवितो. पाटकरीच आला नाही तर धरण भरलेले आणि जमीन कसदार असूनही पीक ऐन वेळी तहानते. नियामक प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाला असता गर्भात असेच घडते. घटक सर्व शाबूत असतात, आज्ञा मात्र वेळेवर सुटत नाही.

व्हॅन डर वूड या विदुषीने १९५४ साली एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्यात ओठ किंवा टाळू दुभंगलेला असतो आणि खालच्या ओठावर बहुधा दोन बारीक खड्डे असतात. त्याचे कारण २००२ साली हाती आले. पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील ‘आयआरएफ-६’ या नियामक प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला. या शोधास एका जुळ्या जोडीचे मोठे साहाय्य झाले. दोघेही एकाच बीजापासून झालेले, परंतु विकार एकालाच होता. तपासणीत त्या एकाच्याच जनुकात बदल आढळला. दुसऱ्या जुळ्यात किंवा आईवडिलांत तो नव्हता. हा दाखला आम्हांस फार मोलाचा वाटतो. गर्भाशय एक, आईचे अन्न एक, त्या महिन्यांत ग्रहण लागले असेल तर तेही एकच. फरक होता तो जनुकातील एका अक्षराचा.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत निकामी झाली तर हे प्रथिन निम्मेच तयार होते. शरीरात अन्यत्र बहुतेक ठिकाणी निम्म्यावर भागते. ओठ व टाळूच्या सांध्यावर ते अपुरे पडू शकते. कारण येथे पेशींच्या वरच्या पातळ थराने योग्य जागी चिकटायचे आणि अयोग्य जागी चिकटायचे नाही, असे दुहेरी काम असते आणि ‘आयआरएफ-६’ त्यावर देखरेख करते. काही कुटुंबांत बदल निराळा असतो. प्रथिन तयार होते, परंतु डीएनएला धरण्याचा त्याचा भाग बिघडलेला असतो. असा पाटकरी स्वतः दार उघडत नाही आणि दुसऱ्यालाही उघडू देत नाही. मग दुभंगलेल्या ओठाबरोबर गुडघ्यामागे त्वचेचा पडदाही येतो आणि पाय सरळ होत नाही. जनुक एकच, पण दोषाच्या जागेनुसार विकार दोन.

आता कुटुंबाला याचा उपयोग काय, ते सांगतो. हा दोष आईकडून जितका येतो तितकाच वडिलांकडूनही येऊ शकतो. ज्याच्याजवळ तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. परंतु त्याचे रूप सर्वांत सारखे नसते. आजोबांच्या खालच्या ओठावर केवळ दोन खड्डे, आत्याचा टाळू दुभंगलेला आणि नातवाचा ओठ, असे एकाच घरात दिसू शकते. खड्डे असलेल्या माणसाला आपल्यात काही वेगळे आहे याची बहुधा कल्पनाही नसते. मामाच्या मुलीशी विवाह केल्याने हा विशिष्ट विकार उद्भवत नाही, कारण येथे दोषाची एकच प्रत पुरेशी असते. (नात्यातील विवाहांमुळे वाढणारे विकार वेगळे आहेत, आणि त्यांविषयीची आमची सावधगिरीची सूचना कायम आहे.) कधी वर सांगितलेल्या जुळ्याप्रमाणे दोष नव्यानेच निर्माण होतो. मग कोणत्याही घराण्याकडे बोट दाखविण्याचे कारण उरत नाही.

मात्र दुभंगलेल्या ओठाच्या दर शंभर बालकांत हा विकार सुमारे दोघांतच असतो, हे ध्यानात ठेवावे. इतरांत अनेक लहान कारणे एकत्र येतात. ‘आयआरएफ-६’ जनुकाजवळच्या कळीच्या जागेतील एक सूक्ष्म फरक ओठ दुभंगण्याची शक्यता वाढवितो, असे २००८ साली दिसून आले. म्हणजे येथे या कारभाऱ्यावरच्या कारभाऱ्याचा हुकूम क्षीण पडतो. गर्भवतीचे धूम्रपान आणि अपस्माराची काही औषधे यांनीही धोका वाढतो. अशी औषधे चालू असलेल्या स्त्रीने ती आपल्या मनाने बंद करू नयेत, दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. फॉलिक आम्लाच्या गोळ्या प्रत्येकीने घ्याव्यात. पाठीच्या कण्याचे व मेंदूचे जन्मजात दोष त्यांनी कमी होतात. ‘आयआरएफ-६’मधील आनुवंशिक दोष मात्र त्यांनी दुरुस्त होत नाही.

उपचारांबाबत आपला प्रदेश आता दूर राहिलेला नाही. डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी अमेरिकेतून दरवर्षी येऊन विनामूल्य शस्त्रक्रियांची शिबिरे घेतली व २००१ साली त्यांना पद्मश्री लाभली, तेव्हा गरीब पालक शिबिराची वाट पाहत. पुढे लातूर येथे डॉ. विठ्ठल लहाने यांनी ‘स्माईल ट्रेन’च्या साहाय्याने हे काम वर्षभर सुरू ठेवले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या व्यंगाचा समावेश आहे. ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची वर्षाच्या आसपास करतात. तोवर बालकाचे वजन वाढणे अगत्याचे असते. टाळू दुभंगलेला असेल तर त्यास अंगावर ओढता येत नाही. आईचे काढलेले दूध, बाळाला उभे धरून, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे.

तपासणीस येताना उभय घरांतील शक्य तितक्या वडीलधाऱ्यांना सोबत आणावे. त्यांचे रक्त घ्यावे लागत नाही. खालचा ओठ पाहण्यास दिवसाचा उजेड पुरतो. खड्डे आढळले आणि पुढील अपत्याचा विचार असला, तरच जनुकीय चाचणीचा प्रश्न येतो. त्यासाठीचा नमुना येथूनच हैदराबाद किंवा पुण्यास पाठविता येतो.